सूत्र कोठे बांधावे?

सौंसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीचे दर्शन ज्यांनी घेतले असेल त्यांस ठाऊक आहेच, की अन्य क्षेत्रांतल्या मारुतीप्रमाणे हा उभा नाही. पिंपळाखाली तो पहुडलेला आहे. मूर्ती स्वयंभू मानतात. या भागातले वृद्ध लोक अशी कथा सांगतात, की पूर्वी ती उभी होती. तिच्याखाली धन पुरलेले आहे अशा समजुतीने काही लोक ती हलवावयास आले, तेव्हा मारुतिराया आपण होऊन आडवे झाले. आणि मग ती मूर्ती कोणाच्याने तसूभरही हलली नाही. कथेचा खरेखोटेपणा ठरविण्याचा मला अधिकार नाही, तसा माझा हेतूही नाही. उभी असलेली आकृती आडवी होते म्हणजे तिच्या हातापायांचे नेमके काय होते, एवढाच प्रश्न मला येथे घ्यावयाचा आहे. तो वाटतो तितका साधा नाही.

हा प्रश्न आमच्या घरी आला तो धाकट्या बंधूंच्या मुलामुळे. तो नागपुरास राहून ॲनिमेशन शिकतो. म्हणजे संगणकावर मनुष्याकृती घडवावयाची आणि तिला चालतीबोलती करावयाची, ही विद्या. पांढुर्ण्याच्या एका मंडळाने गणेशोत्सवात दाखविण्यासाठी त्याच्याकडे दोन-तीन मिनिटांची चित्रफीत मागितली. प्रसंग एवढाच, की उभे मारुतिराय आडवे होतात. पांढुर्णे आणि सौंसर हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, त्या वेळी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले; २०२३ साली त्या दोहोंचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरची बोली आणि सणवार मात्र मराठीच. पोळ्याची अमावस्या सरली, दुसऱ्या दिवशीची गोटमार झाली, की चवथीला गणपती बसतात. काम त्याआधी पुरे व्हावयास हवे होते.

पहिला प्रयत्न त्याने आम्हांस दाखविला. मारुती तोडलेल्या झाडासारखा पडला. हात अंगाला चिकटलेले, गुडघे ताठ. दुसऱ्या प्रयत्नात हात पुढे आला खरा, पण जमिनीवर टेकण्याऐवजी जमिनीतच रुतला आणि कोपर उलट्या बाजूस वळले. घरातली मुले खो खो हसली. आमच्या मातोश्री हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बाबा, देवाचं असं हसू होणार असेल तर नको दाखवूस.”

ते बोलणे मला महत्त्वाचे वाटले. मांडवात बसणारे लोक त्या मूर्तीच्या दर्शनास दर मंगळवारी-शनिवारी जाणारे. राजाच्या किंवा विदूषकाच्या आकृतीचा हात वेडावाकडा झाला तर लोक तो कारागिराचा दोष म्हणून सोडून देतील. देवाचा झाला तर ती अवज्ञा ठरेल. मुलगा खट्टू होऊन म्हणाला, “मोठेबाबा, लाकडाच्या बाहुल्या करणाऱ्यांनाही ही अडचण आली असेल ना? त्यांनी काय केलं?” त्याच्या या प्रश्नाने मला जुनी पुस्तके उघडावयास लावली.

आज आपण ज्या राज्यात राहतो, त्याच राज्यातील धार नगरीत अकराव्या शतकात परमार राजा भोज राज्य करीत होता. ‘समराङ्गणसूत्रधार’ या त्याच्या नावावरील वास्तुग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांविषयी आहे. (बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी हा ग्रंथ १९२४-२५ मध्ये संपादून प्रसिद्ध केला.) त्यात लाकडाच्या स्त्री-पुरुषाकृती कशा कराव्यात ते येते. मान, बाहू, मनगट, बोटे हे अवयव वेगवेगळे घडवावेत, सांध्यांवर छिद्रे पाडून ते खिळ्यांनी जोडावेत, वरून कातडे चढवावे आणि आतून सूत्रे ओवून ते चालवावेत, असा त्याचा आशय. या आकृती काय काय करतात? विडा देतात, पाणी शिंपडतात, नमस्कार करतात, आरशात पाहतात, वीणा वाजवितात. दाराशी शस्त्र घेऊन उभा राहणारा आणि आगंतुकास अडविणारा लाकडी द्वारपालही तेथे आहे.

या यादीकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक क्रियांत महत्त्व आहे ते तळहाताला. विडा समोरच्याच्या हाती पोचला पाहिजे, बोट तारेवर पडले पाहिजे. खांदा किती फिरला आणि कोपर किती वाकले, याची पाहणाऱ्याला पर्वा नसते. यंत्रकाराला मात्र खांदा आणि कोपरच फिरवावे लागतात. सारी मेख येथेच आहे. भोजाने ही यंत्रे कशी चालतात ते सगळे सांगितलेले नाही. आणि तसे न सांगणे अज्ञानामुळे नसून गुप्तता राखण्यासाठी आहे, असे ग्रंथातच म्हटले आहे. विद्या गुप्त ठेवली म्हणजे तिची किंमत टिकते खरी. पण ती जाणणारा गेला म्हणजे विद्याही जाते, हेही आपल्याकडे पुष्कळदा झाले आहे.

वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. भिंतीसमोर बसून तळहात भिंतीवर घट्ट टेकवावा. खांदा हलवू नये, तळहातही हलवू नये. आता कोपर खाली-वर न्यावे. ते जाते! तळहात आणि खांदा दोन्ही जागच्या जागी असता कोपर मात्र कमानीत फिरते. याचे कारण असे. खांद्याचा सांधा तीन प्रकारे फिरतो: वर-खाली, पुढे-मागे आणि स्वतःभोवती. कोपर बिजागरीसारखे एकाच प्रकारे मिटते. त्यापुढे हाताला पिळा देता येतो, आणि मनगट दोन प्रकारे वाकते. एकूण सात. तळहात अवकाशात एका जागी, एका रोखाने ठेवावयास सहा पुरतात. एक स्वातंत्र्य उरते. हे उरलेले स्वातंत्र्य कोणी वापरावयाचे? जिवंत माणसात ते शरीर आपले आपण वापरते आणि आपल्याला कळतही नाही. निर्जीव आकृतीत ते कोणीतरी ठरवावे लागते. मुलाच्या मारुतीचे कोपर उलटले ते तेथे कोणीच काही ठरविले नव्हते म्हणून. संगणकाला कोपर मागे वाकत नाही हेदेखील ठाऊक नसते. ते त्याला सांगावे लागते. जाणता सुतार सांध्याची खाच एका बाजूने मोकळी आणि दुसऱ्या बाजूने आडलेली ठेवतो, मग लाकूडच त्या मर्यादेचे भान ठेवते.

कळसूत्री बाहुलीवाल्याने या गुंत्याला फार सुंदर उत्तर शोधून ठेवले आहे. जुन्या मराठीत या खेळाला ‘साइखडे’ असा शब्द होता. ज्ञानदेवांच्या काळच्या श्रोत्यांना तो समजावून द्यावा लागत नसे. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर भूतमात्राला यंत्रावर चढविल्याप्रमाणे फिरवितो असे म्हटले आहे, तेथे आपल्याकडील श्रोत्याच्या डोळ्यांपुढे बहुधा दोरीवरची बाहुलीच उभी राहत असेल.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी या तिन्ही कला सांभाळल्या. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले, आणि २०२१ सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांस पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्री बाहुलीच्या हाताचा व्यवहार लक्षपूर्वक पाहण्याजोगा असतो. दोरी खांद्याला बांधीत नाहीत, कोपरालाही नाही. ती बांधतात हाताच्या टोकाशी. सूत्रधार बोट उचलतो, हात वर येतो, आणि कोपर? कोपर आपल्या वजनाने, लोंबत, योग्य जागी जाते. ते उरलेले सातवे स्वातंत्र्य त्याने पृथ्वीच्या ओढीवर सोपवून दिले आहे. जे आपल्या हाती ठेवावयाचे तेथे सूत्र, आणि बाकीचे मोकळे.

ठिकठिकाणच्या बाहुलीकारांनी हा हिशेब आपापल्या परीने केला. राजस्थानच्या कठपुतळीला पायच नसतात. लांब घागरा असतो, त्यामुळे पाऊल जमिनीला टेकले की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्या दोन ते पाच दोऱ्या सूत्रधार थेट बोटांना बांधतो. याला कोणी पळवाट म्हणेल. मला ती शहाणपणाची वाटते. तमिळनाडूच्या बोम्मलाट्टमात बाहुल्या मोठ्या, काही तर साडेचार फूट उंच आणि दहा किलो वजनाच्या. तेथे सूत्रधार डोक्यावर लोखंडी कडे घालतो आणि दोऱ्या त्या कड्याला बांधतो. बाहुलीचा भार त्याच्या मस्तकावर येतो; हात मोकळे राहतात, त्यांनी तो सळ्या धरून बाहुलीचे हात चालवितो. आंध्रच्या तोलु बोम्मलाटातील चामड्याच्या बाहुल्यांना खांदा, कोपर, गुडघा असे सांधे असतात. उलट ओडिशाच्या रावणछायेतील बाहुली एकाच अखंड तुकड्याची, सांधा म्हणून नाही, तरी रामकथा तिच्याकडून पुरी होते.

आमच्या कोंकणी वाचकांस कुंदापूरजवळच्या उप्पिनकुद्रूचे कामत घराणे परिचयाचे असेल. घरची भाषा कोंकणी, खेळाची कानडी. कोग्गा कामत आणि त्यांच्यामागून भास्कर कोग्गा कामत यांनी यक्षगानाची गोंबेयाट परंपरा देशोदेशी नेली. यक्षगानाचा नट पाय आपटून, गुडघे मुरडून नाचतो, म्हणून त्याचे रूप घेणाऱ्या बाहुलीला पाय नाकारून चालत नाही. कर्नाटकातील या बाहुल्यांना खांदे, कोपरे, कमर, गुडघे असे सारे सांधे असतात, आणि पाच ते सात दोऱ्यांनी त्या चालतात. सांधे पुष्कळ आणि दोऱ्या थोड्या, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक सांध्याला एक दोरी बांधली असती तर सूत्रधाराची बोटे तर पुरली नसतीच, पण बाहुलीही आखडून गेली असती.

याच यक्षगानाचा एक धागा मराठी रंगभूमीस येऊन मिळतो. उत्तर कानड्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, आणि ते पाहून अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांस मराठीत तसे काही करावयास सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले, ही गोष्ट शाळकरी मुलांसही ठाऊक असते. भावे स्वतः लाकडी बाहुल्या घडविण्यात निष्णात होते, हे मात्र थोड्यांस माहीत असते. जिवंत नट रंगभूमीवर उभा करणाऱ्या या माणसाचा हात सांधे जुळविण्यात मुरलेला होता. या बाहुल्या पुढे अडगळीत पडल्या होत्या. रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या.

गंमत अशी, की सांगलीस पडदा वर गेला त्याच्या तीन आठवड्यांपूर्वी, १६ ऑक्टोबर १८४३ रोजी, डब्लिन येथे विल्यम रोवन हॅमिल्टन नावाचा गणिती पत्नीसमवेत कालव्याकाठाने चालला असता त्याला एका नव्या प्रकारच्या संख्या सुचल्या आणि त्याने तेथल्या पुलाच्या दगडावर त्यांचे सूत्र कोरले. या क्वाटर्नियन संख्या वस्तूचे फिरणे मांडण्यास कामी येतात. खांदा तीन अक्षांभोवती एकामागून एक फिरविला, तर मधला फेरा काटकोनाएवढा झाल्यावर पहिला व तिसरा अक्ष एकावर एक येतात, एक दिशा नाहीशी होते, आणि उचललेला हात एकाएकी पिळा खातो. हॅमिल्टनच्या संख्यांनी हा पेच सुटतो. केन शूमेक याने १९८५ साली त्या संगणकावरील आकृतींच्या हालचालीसाठी वापरून दाखविल्या. भाव्यांना हॅमिल्टन ठाऊक असण्याचे कारण नाही, हॅमिल्टनला भावे नाहीत. तथापि आज संगणकावर सीतास्वयंवर करावयाचे झाले तर दोघांचीही गरज पडेल.

मधला चित्रपटांचा काळ मी लवकर ओलांडतो. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांना एकेक चित्र घेत हलविले. प्रभातने १९३४ साली ‘जंबू काका’ हे व्यंगचित्रपट काढले. २००५ साली व्ही. जी. सामंत यांच्या दिग्दर्शनाखाली ‘हनुमान’ झाला. या चित्रमय परंपरेत चित्रकाराला सूत्र लागत नाही. तो प्रत्येक वेळी सबंध हात नव्याने काढतो, आणि कोपर कोठे असावे ते त्याचा डोळा ठरवितो.

संगणकावर मात्र सांध्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याची पहिली मनुष्याकृती देवाची नव्हती, राजाची नव्हती. ती होती विमान चालविणाऱ्याची. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील बोईंग कंपनीत विल्यम फेटर याने ती आखली. विमानाच्या चालककक्षात बसलेल्या माणसाचा हात कळीपर्यंत पोचतो की नाही, हे त्याला पाहावयाचे होते. पुन्हा तळहातच! १९७२ साली युटा विद्यापीठात एड कॅटमल याने स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेऊन त्यावर सुमारे साडेतीनशे तुकडे आखले आणि तो हात संगणकावर मिटता-उघडता केला.

यातून दोन रीती पुढे आल्या. एक, खांदा अमुक अंश, कोपर तमुक अंश असे सांगत टोकापर्यंत जावयाचे. हीस फॉरवर्ड कायनेमॅटिक्स म्हणतात. नाचातला हात हवेतून फिरत असेल तर ही रीत उत्तम. दुसरी, तळहात येथे असावा एवढेच सांगावयाचे आणि खांद्या-कोपराचे कोन संगणकाने उलट गणित करून काढावयाचे. ही इन्व्हर्स कायनेमॅटिक्स. सांध्यांच्या साखळीचे मोजमाप कसे मांडावे हे डेनाव्हिट व हार्टेनबर्ग या यंत्रशास्त्रज्ञांनी १९५५ साली दाखविले होते. १९८५ साली जिरार्ड आणि मासिएयेव्स्की यांनी ती उलटी रीत चालणाऱ्या आकृतींच्या पायांना लावली, म्हणजे पाऊल जमिनीवर घट्ट राहील आणि गुडघा आपोआप वाकेल. ही दुसरी रीत म्हणजे कळसूत्रच होय. फरक एवढाच, की पिंगुळीत कोपराला पृथ्वी खाली ओढते, आणि संगणकात पृथ्वी नाही. म्हणून तेथे कोपराच्या रोखाने एक खूण ठेवावी लागते. कोपराने सदैव तिच्याकडे पाहावयाचे. कारागीर त्या खुणेला विसरला, की कोपर वाटेल तिकडे जाते.

तिसरीही एक रीत आहे. जिवंत माणसाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल टिपावयाची आणि ती आकृतीला द्यावयाची. मोशन कॅप्चर हे तिचे नाव. चेन्नईच्या पेंटामीडियाचा ‘सिंदबाद’ (२०००) हा केवळ या रीतीने केलेल्या आरंभीच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकी. आमच्या मुलानेही हा उपाय करून पाहिला. एका मित्रास अंगणात आडवे व्हावयास लावले, मोबाइलवर टिपले आणि ते मारुतीस दिले. झाले असे, की मारुतीचा तळहात जमिनीपासून दोन बोटे वर राहिला. मित्राचे दंड त्याच्या अंगाच्या मानाने लांब, मारुतीचे आखूड आणि भरीव. शिल्पशास्त्रात मूर्तीचे अवयव तालमानाने ठरतात, ते कोणा शेजाऱ्याच्या मापाने नव्हे. उसनी हालचाल उसन्या अंगरख्यासारखी, कोठेतरी तोकडी पडतेच. शेवटी तळहात खाली आणावयास पुन्हा त्या उलट्या गणिताकडेच जावे लागले.

मग त्याने धीर धरून कामाची उजळणी केली. आडवे होताना माणूस काय करतो ते आम्ही सर्वांनी ओसरीवर करून पाहिले. आमच्या मातोश्रींनीही, हळूहळू. प्रथम दोन्ही पाऊले जमिनीला बांधलेली असतात. गुडघे वाकतात. मग एक तळहात जमिनीला टेकतो, आणि त्या क्षणापासून बंधन पायांचे न राहता हाताचे होते. मग कोपर टेकते, तळहात सुटतो. मग कूस, मग पाठ. म्हणजे सूत्र एकाच जागी बांधून चालत नाही. ते एका अवयवावरून दुसऱ्यावर सोपवीत जावे लागते, आणि जेथे सोपविले जाते तेथेच नेमका झटका बसतो. पहिले सूत्र पूर्ण सोडण्याआधी दुसरे धरलेले असले पाहिजे. याला त्याचे आठ दिवस गेले. कोपराची खूण त्याने मारुतीच्या अंगापासून बाहेर, किंचित मागे ठेवली. पाऊले घसरत होती ती बांधली. मान शेवटपर्यंत मोकळी ठेवली, ती सर्वांत शेवटी विसावली.

चवथीच्या आदल्या रात्री त्याने ती चित्रफीत घरी लावली. मुले गप्प बसून पाहत होती. मातोश्रींनी चष्मा पुसून पुन्हा एकदा लावावयास सांगितली, आणि “आता निजला,” एवढेच म्हणाल्या.

एक गोष्ट राहिलीच आहे. शेपटीला खांदा नाही, कोपर नाही. वीस-पंचवीस लहान सांध्यांची ती साखळी, आणि तिचे टोक बांधावे तर मधला भाग सापासारखा वळवळतो. मुलाने तूर्त ती पिंपळाच्या बुंध्यामागे ठेवली आहे.